गडीमाणसाची नोंद

तीन बोटं एकमेकांना चिकटवून उभी धरा आणि तोंडात घालून पाहा. सहज गेली तर जबडा ठीक आहे. दोनच गेली तर डॉक्टरला तोंड दाखवायला हवं. एकच जात असेल तर आता एक दिवसही लांबवू नये. या तपासणीला पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही, उपाशीपोटी यावं लागत नाही. वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यात, पुलगावहून आर्वीकडे जाणाऱ्या रस्त्यावर रोहणा लागतं. तिथे किंवा या रस्त्यावरच्या कुठल्याही गावात पानठेल्यासमोर दहा पुरुषांना ही तपासणी करायला सांगा. आधी हसतील. मग एखादा करून पाहील आणि हसता हसता गप्प होईल. तिखट खाल्लं की तोंडाची आग होते, भाकरीचा घास लहान करावा लागतो, हे त्याला ठाऊकच असतं. तरी उत्तर तयार असतं, ‘मले काय झालं?’

झालेलं असतं ते बहुधा खर्ऱ्याने. विदर्भाबाहेरच्या वाचकासाठी थोडं सांगायला हवं. खर्रा म्हणजे सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना. हे सगळं प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळून फळीवर घोटतात. हल्ली काही ठिकाणी घोटायला मोटरही आली आहे. पन्नी खिशात राहते. सकाळी शेतावर जाताना एक, दुपारी एक, संध्याकाळी ठेल्यावर एक, आणि कोणी भेटलं की त्याच्या पन्नीतून चिमूटभर. इकडे पाहुण्याला चहाआधी खर्रा विचारतात. राज्यात गुटख्यावर 2012 मध्ये बंदी आली. पुढे सुगंधित तंबाखू आणि सुपारीवरही आली. खर्रा मात्र ठेल्यावर जागच्या जागी तयार होतो. बंदीने पाकीट अडतं, घोटणारा हात अडत नाही.

‘जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणा’च्या 2016-17 च्या फेरीत महाराष्ट्रातले 26.6 टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते. बिडी-सिगारेट ओढणारे 3.8 टक्केच होते. बाकी बहुतेक सारी खाण्याची तंबाखू. देशपातळीवर कुठल्याही रूपात तंबाखू घेण्याचं प्रमाण पुरुषांमध्ये 42.4 टक्के होतं आणि स्त्रियांमध्ये 14.2. भारतीय पुरुषांना होणाऱ्या कर्करोगांत तोंडाचा कर्करोग पहिल्या क्रमांकावर आहे. जगात फार थोड्या देशांत असं चित्र दिसतं.

पण हा लेख खर्ऱ्यावरचा नाही. पुरुषाच्या आयुष्यातून जी वर्षं वजा होतात त्यांचा हा हिशेब आहे, आणि खर्रा ही त्यातली एक वजावट.

चार वर्षं कुठे गेली?

नमुना नोंदणी पद्धतीच्या आयुर्मान तक्त्यांवरून एक हिशेब मांडता येतो. 1970-75 या काळात भारतात जन्मलेल्या मुलाचं सरासरी आयुर्मान 50.5 वर्षं होतं, मुलीचं 49. म्हणजे तेव्हा बाई आधी जायची. बाळंतपणात जायची, अंगात रक्त नसल्याने जायची, पोरापाठोपाठ पोर होऊन जायची, आणि सगळ्यांचं जेवण झाल्यावर उरेल ते खाऊन जायची. 1981-85 मध्ये पारडं फिरलं. पुरुष 55.4, स्त्री 55.7. त्यानंतर ते परत वळलं नाही. 2016-20 च्या तक्त्यात पुरुष 68.6 वर आहे आणि स्त्री 71.4 वर.

दोघांचंही आयुष्य वाढलं, ही चांगलीच गोष्ट. पण साधारण पंचेचाळीस वर्षांत बाईने बावीस वर्षांहून जास्त मिळवली आणि गडीमाणसाने अठरा. मधली चार वर्षं कुठे गेली?

याचं एक उत्तर आनंदाचं आहे. बाईवरचा एक मोठा अन्याय कमी झाला. बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली, मुलं कमी झाली, तेव्हा तिची हक्काची वर्षं तिला परत मिळाली. दुसरं उत्तर शरीरातलं आहे. स्त्रीदेह मुळातच थोडा चिवट असतो, म्हणून जगात जवळपास सगळीकडे बाया पुरुषांपेक्षा जास्त जगतात. पण या अंतराचं मोजमाप देशागणिक बदलतं. आइसलँडमध्ये ते तीनेक वर्षांचं आहे, रशियात दहाच्या आसपास. शरीर तर दोन्हीकडे तेच. मग उरलेलं अंतर राहणीतून येतं.

मार्क लुई नावाच्या लोकसंख्याशास्त्रज्ञाने हे एका सुंदर युक्तीने तपासलं. जर्मनीतल्या बव्हेरियाच्या ख्रिस्ती मठांमधल्या अकरा हजारांहून जास्त साधू-साध्वींच्या जन्ममृत्यूच्या नोंदी त्याने काढल्या. तिथे दोघांचा दिनक्रम सारखा. उठणं, जेवण, काम, प्रार्थना, झोप, सगळं घड्याळावर. कर्ज नाही, बढती नाही, घर चालवण्याचा घोर नाही. बाहेरच्या जगात पुरुष स्त्रियांच्या कितीतरी मागे पडत असताना मठातल्या साधूंचं आणि साध्वींचं अंतर जेमतेम वर्षभराचं निघालं. रोहण्यापासून तासा-दीडतासाच्या अंतरावर, पवनारला, विनोबांनी 1959 मध्ये ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं. तिथे जाऊन आलेल्या कोणालाही मठातला असा दिवस कसा जात असेल याची कल्पना करता येईल. रोहण्यातल्या शेतकऱ्याचा दिवस मात्र तसा जात नाही. त्याची तर रात्रही तशी जात नाही.

जागल, फवारणी, ट्रॉली

शिवारात कपाशी, तूर, सोयाबीन. दिवाळीनंतर चणा आणि गहू. ओलिताला वीज लागते आणि शेतीची लाइन कित्येकदा रात्रीची येते. मध्यरात्री मोटर सुरू करायला जायचं, बॅटरीच्या उजेडात दांड फोडायचे, पायाखाली काय आहे ते दिसत नाही. सर्पदंशाने भारतात वर्षाला सरासरी 58 हजार माणसं मरतात, असं 2000 ते 2019 या काळाच्या अभ्यासातून निघालं. मरणारे बहुतेक खेड्यातले.

रानडुकरांपासून आणि रोह्यांपासून पीक राखायला जागल करावी लागते. मचाणावर किंवा बांधावर बसायचं, डबा वाजवायचा, आरोळ्या द्यायच्या, शेकोटी धरायची. पिकाच्या दिवसांत महिना-दोन महिने झोप अर्धी होते. सकाळी पुन्हा शेतात. जागलीला जाणारा घरातला गडीमाणूसच असतो. थंडी मारायला खर्रा, बिडी, कधी पावशेर. रक्तदाब वाढायला लागतं ते सगळं या एका कामात आहे. तरी जागल ही आजाराचं कारण म्हणून कुठल्याही केसपेपरवर लिहिली जात नाही.

फवारणीही त्याच्याच वाट्याला. 2017 च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती. फवारा वर मारावा लागे आणि तो तोंडावर परत येई. बॅटरीच्या पंपाचे तुषार इतके बारीक की दिसतही नाहीत. दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली, अंगात अर्ध्या बाह्यांचा सदरा, तोंडाला दुपट्टा. दुपट्टा भिजला की तेच औषध नाकाशी धरून ठेवतो. मळमळलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तरी पंप संपवायचा, कारण मजुरी पंपावर ठरलेली.

मग रस्ता. 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली, महाराष्ट्रात 15,224. मेलेल्यांत दर सातामागे सहाच्या आसपास पुरुष, आणि एकूण मृत्यूंपैकी 44.5 टक्के दुचाकीवरचे. पुलगाव-आर्वीसारख्या रस्त्यावर याचा अर्थ कळायला आकडा लागत नाही. कापसाने भरलेली ट्रॉली संध्याकाळी जिनिंगकडे निघालेली असते. मागे दिवा नाही, परावर्तक नाही, कापूस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. मागून दुचाकीवर तिघे. हेल्मेट घरी खुंटीला. एकेकाळी पुलगाव ते आर्वी नॅरोगेजची छोटी गाडी धावायची, 1917 सालची. ती सायकलच्या वेगाने जाते म्हणून लोक हसायचे. ती बंद झाली. आता सगळ्यांचीच धाव रस्त्यावर.

शेती पुरत नाही म्हणून माणूस मिळेल ते काम धरतो. पुलगावची कापूस गिरणी कधीच बंद पडली. त्याच पुलगावला लष्कराचं दारूगोळा भांडार आहे. 20 नोव्हेंबर 2018 रोजी त्याच्या परिसरात जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला आणि सहा जण गेले. त्यांत आसपासच्या गावांतले रोजंदारीचे मजूरही होते. धोक्याचं काम गडीमाणसाचं, असं आपण धरून चाललो आहोत. ते कोणी ठरवलं, हे विचारायला कोणी थांबत नाही.

नदीच्या अलीकडे, पलीकडे

वर्धा हा गांधी-विनोबांचा जिल्हा, म्हणून सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून इथे दारूबंदी आहे. आर्वी तालुक्याच्या पश्चिमेला वर्धा नदी आहे. नदी ओलांडली की अमरावती जिल्हा, आणि बंदी संपते. अलीकडे गावठी, पलीकडे परवान्याची. कोरड्या जिल्ह्यात माणूस किती पितो याचा हिशेब विक्रीच्या आकड्यांतून निघत नाही, कारण विक्रीच कागदावर नाही. हातभट्टीत काय टाकलंय हे पिणाऱ्याला कळत नाही. ‘मी पितो’ असं डॉक्टरला सांगायलाही तो कचरतो, कारण पिणं हा इथे गुन्ह्याचा कबुलीजबाब आहे. मग कावीळ झाली की ती ‘साधी कावीळ’ असते आणि झाडपाल्याच्या औषधात महिना जातो.

बंदी उठवा, असं सांगण्याचा इथे हेतू नाही. गावागावांत बायांनी भट्ट्या फोडल्या, पोलिसांना गाडी घेऊन यायला लावलं, म्हणूनच कित्येक घरं उभी राहिली. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सुमारे 19 टक्के पुरुषांनी दारू घेत असल्याचं सांगितलं, आणि स्त्रियांपैकी जेमतेम सव्वा टक्क्याने. म्हणजे दारू हा घराचा प्रश्न असला तरी आजार गड्याचा आहे. पोळ्याच्या करीला जो पडून सापडतो त्याला उचलून घरी आणतात, सकाळी शिव्या देतात. त्याला व्यसनाचा रोगी म्हणून दवाखान्यात नेणारं घर विरळा.

रशियाने हा धडा फार महाग घेतला. 1985 मध्ये गोर्बाचेव्ह यांनी दारूवर कडक नियंत्रण आणलं आणि पुरुषांचं आयुर्मान वर गेलं. मग नियंत्रण ढिलं पडलं, पाठोपाठ सोव्हिएत संघ कोसळला, कारखाने बंद झाले, पगार थांबले. 1990 मध्ये 64 च्या जवळ असलेलं पुरुषांचं आयुर्मान 1994 मध्ये 58 च्या खाली आलं. युद्ध नाही, दुष्काळ नाही, तरी चार वर्षांत सहा वर्षं गेली. अमेरिकेत अ‍ॅन केस आणि अँगस डीटन या अर्थशास्त्रज्ञ दांपत्याने 2015 मध्ये दाखवलं की कमी शिकलेल्या मध्यमवयीन गोऱ्यांमध्ये दारू, नशेची औषधं आणि आत्महत्या यांनी मृत्यू वाढत आहेत. त्यांनी त्यांना नैराश्याचे मृत्यू म्हटलं. पुढे कोविडची भर पडली आणि अमेरिकी पुरुषाचं आयुर्मान 2019 मधल्या 76.3 वरून 2021 मध्ये 73.5 वर आलं.

भारतात, कोविडची वर्षं सोडली तर, पुरुषाचं आयुर्मान घसरलेलं नाही. पण रशिया आणि अमेरिकेतून एक गोष्ट कळते. पुरुषाला कमावणारा म्हणूनच वाढवलं, आणि मग कमाई काढून घेतली, की त्याच्याजवळ जगण्याचं दुसरं कारण फारसं उरत नाही. ही गोष्ट विदर्भाला नव्याने सांगायची गरज नाही.

पात्र, अपात्र

जून 2006 च्या अखेरीस पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले. वर्धा जिल्ह्यातल्या वायफडलाही गेले. त्यानंतर अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर झालं. शेतकऱ्याने जीव दिला तर कुटुंबाला एक लाखाची मदत, हा राज्याचा निर्णयही त्याच वर्षातला. तीस हजार रोख, सत्तर हजार ठेवीत.

पण मदतीआधी चौकशी. जमीन नावावर होती का? कर्ज बँकेचं, सोसायटीचं की परवानाधारक सावकाराचं? वसुलीचा तगादा होता का? मग समिती बसते आणि शिक्का मारते, पात्र किंवा अपात्र. पाहुण्याचे हातउसने घेतलेले, कृषी केंद्रवाल्याची उधारी, लेकीच्या लग्नाला काढलेले, हे कर्ज कागदावर येत नाही. बापाच्या नावावरच्या वावरात राबणाऱ्या मुलाचं शेतकरीपण सिद्ध करताना घरच्यांची दमछाक होते. मेल्यावर तो शेतकरी होता की नाही याचा निवाडा तीन-चार सह्यांनी होतो. जिवंत असताना हा प्रश्न त्याला कोणीच विचारलेला नसतो.

2022 मध्ये देशात 1,70,924 आत्महत्यांची नोंद झाली. त्यांत जवळजवळ 72 टक्के पुरुष. दर चार मृतांमागे एकापेक्षा जास्त रोजंदारीवाला. महाराष्ट्र 22,746 च्या आकड्यासह पहिला. शेतकरी म्हणून नोंदलेल्या 5,207 जणांत 4,999 पुरुष आणि 208 स्त्रिया. या शेवटच्या आकड्यावर विश्वास ठेवताना सावध राहायला हवं. सातबारा बाईच्या नावावर नसतो, म्हणून तिने जीव दिला तर ती ‘गृहिणी’ म्हणून मोजली जाते. तरी पुरुषांचा आकडा खोटा ठरत नाही.

कर्ज हे कारण खरं आहे, पण पुरतं नाही. त्याच गावात, तेवढ्याच कर्जात बाईही जगत असते. ती नदीवर बोलते, बचत गटात बोलते, माहेरी जाऊन रडून येते. गड्याला पारावर बसून पावसावर, भावावर, राजकारणावर तासन्‌तास बोलता येतं. ‘रात्री झोप येत नाही’ एवढं एक वाक्य बोलता येत नाही. त्यात आता लग्न न जुळण्याचा घोर. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही. डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात बिनलग्नाच्या तरुणांनी नवरदेवाच्या वेशात घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा नेला. वर्तमानपत्रांनी तो गंमत म्हणून छापला. पण एकट्या पुरुषाची तब्येत लवकर ढासळते, कारण आपल्याकडे पुरुषाच्या तब्येतीची काळजी बायको करते. ‘गोळी घेतली का?’ हे विचारणारं घरात कोणी नसलं की गोळी राहते.

कोणत्या रजिस्टरात?

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओसरीत सकाळी बसून पाहा, रोहण्याच्या किंवा दुसऱ्या कुठल्याही. गरोदर बाया, लसीसाठी आणलेली बाळं, त्यांच्या आज्या, साखरेची गोळी न्यायला आलेल्या म्हाताऱ्या. तिशी ते पन्नाशीतला पुरुष दिसला तर तो बहुधा कोणाला तरी गाडीवर घेऊन आलेला असतो आणि बाहेर झाडाखाली उभा असतो. तो स्वतः आत येतो तेव्हा त्याला दोघांनी धरलेलं असतं.

याला केवळ त्याचा हेका कारण नाही. आपली ग्रामीण आरोग्य व्यवस्था आई आणि मूल या दोघांभोवती बांधली गेली, आणि ते बरोबरच होतं. बाईचं नाव आरोग्याच्या वहीत वयात येताना लागतं, ते लग्न, गरोदरपण, बाळंतपण, शस्त्रक्रिया असं पुढे जात राहतं. आशाताईला तिची तारीख पाठ असते. मुलगा मात्र शाळेतलं शेवटचं इंजेक्शन घेऊन वहीतून बाहेर पडतो. एकदाच शासनाने पुरुषाला गाठायचं ठरवलं, ते आणीबाणीत. 1976-77 या एका वर्षात साठ लाखांहून जास्त पुरुषांची नसबंदी झाली. कित्येकांना पकडून नेलं होतं. त्यानंतर पुरुष सरकारी दवाखान्यापासून जो दूर गेला तो गेलाच, आणि सरकारनेही त्याचा नाद सोडला. 2019-21 मध्ये देशात सुमारे 38 टक्के विवाहित जोडप्यांत बाईची शस्त्रक्रिया झालेली होती, पुरुषाची 0.3 टक्के जोडप्यांत.

आता तिशीपुढच्या सगळ्यांची रक्तदाब, साखर आणि तोंडाची तपासणी व्हावी असं धोरण आहे. उच्च रक्तदाबावरचा राष्ट्रीय उपक्रम महाराष्ट्रात ज्या चार जिल्ह्यांत पहिल्यांदा आला त्यांत वर्धा होता. सोबत सातारा, भंडारा आणि सिंधुदुर्ग. गोळ्या फुकट आहेत. पण आशाताई घरी येते दुपारी अकरा-बाराला. तेव्हा घरात सासूबाई असतात. गडी वावरात. दवाखाना उघडतो तेव्हा तो कामावर गेलेला असतो, परत येतो तेव्हा दवाखाना मिटलेला असतो. मजुरी बुडवून, न दुखणाऱ्या आजारासाठी रांगेत कोण बसणार? आणि रक्तदाब दुखत नाही, हीच त्याची खोड.

शिकलेल्यांनी हसू नये. डॉ. अभय बंग वर्ध्यात वाढलेले, स्वतः डॉक्टर, सार्वजनिक आरोग्यात जगभर नाव. वयाच्या 44 व्या वर्षी त्यांना हृदयविकार झाला. ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे त्यांचं पुस्तक मराठी घरांत इतकं वाचलं गेलं, कारण त्यात एका कर्त्या पुरुषाने स्वतःच्या शरीराकडे किती वर्षं पाहिलं नव्हतं हे कबूल केलं होतं. डॉक्टरची ही कथा, तर फवारणीवाल्याची काय असेल?

माणसाकडे वही न्या

याच जिल्ह्याने पूर्वी एक रस्ता दाखवला आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. उल्हास जाजू यांनी 1980 च्या सुमारास ज्वारीवरचा आरोग्य विमा चालवला. हंगाम निघाला की घराने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची, त्यावर वर्षभर उपचार. पैसा नसलेल्या हंगामात पैसा मागायचा नाही, ज्वारी आली तेव्हा ज्वारी मागायची, असं ते गणित होतं. व्यवस्थेने शेतकऱ्याच्या वेळापत्रकाप्रमाणे चालावं, हा त्यातला धडा.

दुसरं उदाहरण लांबचं आहे. लॉस एंजेलिसमध्ये कृष्णवर्णीय पुरुष दवाखान्यात येत नाहीत म्हणून संशोधकांनी न्हाव्याच्या दुकानांत रक्तदाब मोजायला सुरुवात केली. 52 दुकानं, 319 गिऱ्हाइकं. औषधतज्ज्ञ दुकानातच येऊन गोळी ठरवायचे. सहा महिन्यांत वरचा रक्तदाब सरासरी 27 अंकांनी उतरला. जिथे न्हाव्याने फक्त सल्ला दिला तिथे 9 अंकांनी. हा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडे सलून आहेच. पानठेला आहे, जिनिंग आहे, बाजार समितीचं आवार आहे, आठवडी बाजार आहे. कापूस विकायला आलेला शेतकरी काट्यासमोर तासन्‌तास रांगेत उभा असतो. गाडीचं वजन होतं, तेवढ्यात त्याचंही होऊ शकतं. आठवड्यातून दोन संध्याकाळी आरोग्य केंद्र रात्री नऊपर्यंत उघडं ठेवणं, फवारणीच्या हंगामाआधी प्रत्येक मजुराला चष्मा, हातमोजे आणि योग्य मास्क देणं, शेतीची लाइन दिवसा देणं, ट्रॉलीला मागे लाल पट्टी लावणं. यातलं एकही काम अवघड शास्त्राचं नाही.

मागे राहते ती

पुरुष लवकर जातो याचा अर्थ बाईचं बरं चाललंय असा कोणी घेऊ नये. 2011 च्या जनगणनेत देशात साडेपाच कोटींवर विधवा-विधुर होते आणि त्यांत 78 टक्के स्त्रिया. लग्नात नवरा वयाने मोठा आणि मरणात पुढे, म्हणून बाईच्या आयुष्यातली वाढीव वर्षं बरीचशी एकटेपणाची असतात. महिला किसान अधिकार मंचाने 2018 मध्ये मराठवाडा-विदर्भातल्या, नवऱ्याने आत्महत्या केलेल्या 505 बायांशी बोलून अभ्यास केला. त्यांतल्या 40 टक्के जणींना शेतजमिनीचा हक्क मिळालेला नव्हता. कर्ज मात्र नावावर चढलं होतं. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. बांगड्या फोडणं थांबवणं हे मोठं पाऊल होतं. पण बांगड्या फोडण्याची वेळच वीस वर्षांनी पुढे ढकलली, तर तेही कमी काम नाही.

आपल्या सणांकडे जरा नीट पाहिलं तर एक गोष्ट दिसते. वटपौर्णिमेला बायको नवऱ्याचं आयुष्य मागते, भाऊबीजेला बहीण भावाचं. पुरुषाच्या आयुष्याची चिंता करण्याचं कामही आपण बायांवर टाकून मोकळे झालो आहोत. पुरुषाने स्वतःचं आयुष्य मागण्याचा सण आपल्या पंचांगात नाही.

बहिणींनो, भाऊबीजेला ओवाळून झालं की भावाला तीन बोटं तोंडात घालून दाखवायला सांगा. आणि भावांनो, या वेळी ओवाळणीत पाकिटासोबत तुमच्या रक्तदाबाचा कागदही ठेवा. सरकारी केंद्रावर तो फुकट मोजतात, पाच मिनिटं लागतात. मनावर ओझं असेल तर 14416 या क्रमांकावर फोन करा. तो दिवसरात्र सुरू असतो, मराठीतही बोलता येतं, आणि तिथे पात्र-अपात्र कोणी विचारत नाही.